कॉन्टेसाचं इंजिन बांधायचंय? गाडी आणायच्या आधी हे वाचा

कॉन्टेसावाले गॅरेजात आले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नुसत्या रिंगा टाकून द्या हो, भागून जाईल." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या. भागतं पण, पाच-सहा महिने. मग परत तोच निळा धूर, परत इंजिन उतरवा, लेबर दोनदा आणि वर आमच्या नावानं शंख. म्हणून हा कागद छापलाय, चहा घेत वाचा.

आधी आपल्या गाडीत कुठलं इंजिन आहे ते बघा. १९८४ पासूनच्या सुरुवातीच्या गाड्यांना अँबॅसेडरचंच १४८९ सीसी होतं, बीएमसीचं बी-सिरीज, जेमतेम ५० हॉर्सपॉवर. अंगानं पैलवान, पण घाट लागला की धाप. नंतर कॉन्टेसा क्लासिक आली, तिला इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल आणि पाच गिअर, तेव्हा कुठं गाडीला पिकअप आला. जुन्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड, आणि क्रँकला (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) मेन बेअरिंग तीनच. इसुझूत कॅम वर हेडमध्ये (ब्लॉकवरच्या झाकणात) आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळं गाडी एकदा जरी चांगली तापली असेल तरी हेड वाकलंय का ते पट्टी लावून बघायलाच लागतं. डिझेलवाल्यांनी फोन करा, ते प्रकरण वेगळं आहे.

आता धूर. सकाळी चालू केल्यावर एक निळा भपका आणि मग साफ, तर बहुतेक व्हॉल्व्हची ऑइल सील गेलीत. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की मागचा माणूस दिसेनासा होत असेल तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट. पण धुरावर आम्ही एस्टिमेट देत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करतो, एकदा कोरडी आणि एकदा प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून. ऑइल टाकल्यावर काटा वर गेला तर खाली रिंग-बोअरला झीज, नाही हलला तर भानगड वर व्हॉल्व्हला किंवा गॅस्केटला. ही टेस्ट तुमच्यासमोरच करतो, काटा तुम्हीच वाचा.

दोष वरचाच निघाला तर इंजिन उतरवायची गरज नाही, हेड काढून काम होतं. व्हॉल्व्ह, गाइड, सील, हेडला फेसिंग. जुन्या बी-सिरीजवाल्यांना इथं एक आग्रहाचं सांगणं, व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. हे इंजिन शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातलं, ते शिसं व्हॉल्व्ह सीटला सांभाळायचं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर ते पेट्रोल बंद झालं. मूळ सीट तेव्हापासून झिजत बसल्यात, टॅपेटचा (कॅम आणि पुशरॉडच्या मधल्या भागाचा) गॅप सारखा सारखा कमी होतो तो त्यामुळंच. हेड उघडलंच आहे तर हे काम मागं ठेवू नका. त्याच खेपेला पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम पण बदला, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर ते खाऊन टाकतं.

खालचा दोष असेल तर खरा प्रश्न येतो, नुसत्या रिंगा की बोअर मारून, म्हणजे नळकांडं आतून कापून मोठं करून, फुल इंजिन. आमचं मत सरळ आहे, ते माप ठरवतं, तुम्ही नाही आणि आम्ही पण नाही. बोअर गोल आहे आणि टेपर (वर-खाली मापात फरक) नाही, तर होनिंग (आतून बारीक घासणी) करून नवीन रिंगा, बेअरिंग सेट, झालं काम, कशाला जास्त खर्च करायचा. पण बोअर ओव्हल झालेला असताना गोल रिंग त्यात बसणार कशी? तिथं बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टनच. क्रँकचं पण तसंच, जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल जागेवर) नख अडकलं की ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा नाही, हा आमच्याकडं नियम आहे. एका गिऱ्हाइकानं दुसरीकडून बोअर मारून आणला आणि त्या साइजचा पिस्टन बाजारात मिळेना, ब्लॉक आमच्याकडं कित्येक महिने कपड्यात गुंडाळून पडला होता. आधीच खूप बोअर मारून झाले असतील तर स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकून परत स्टँडर्डला आणता येतं, ब्लॉक भंगारात घालायची घाई करू नका. हे सगळं मशीनिंग आम्ही इथंच कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतो, इंजिनाच्या कामात इथल्या कारागिरांचा हात बसलेला आहे.

तिसरा पर्याय तरुण पोरं विचारतात, दुसरंच मोठं इंजिन टाकूया का. जागा आहे, कारण कॉन्टेसा ज्या इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीवरून आली तिच्या व्हेंटोरा मॉडेलला ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन यायचं. पण गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळं गिअरबॉक्स, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, ब्रेक, सगळंच बदलत जातं आणि बजेट कुठल्या कुठं जातं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या माहितीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. आरटीओची मंजुरी हातात असेल तरच आम्ही हे काम घेतो, उगीच आग्रह करू नका. आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमांना ५० वर्षं जुनी आणि मूळ रूपातली गाडी लागते, १९८४ ची कॉन्टेसा २०३४ ला तिथं पोचते. तोवर नंबरवाला मूळ ब्लॉक जपलेला बरा, असं आमचं आपलं मत.

इंजिन बांधून मिळाल्यावर बी-सिरीजवाल्यांनी पहिल्या स्टार्टला आयडलवर सोडायचं नाही, १५०० ते २५०० आरपीएमला वीस मिनिटं चालवायचं, कॅम आणि टॅपेट तेव्हाच एकमेकांना बसतात. हे आम्हीच करून देतो, बघायला या. ५०० किलोमीटरला ऑइल बदल, १००० पर्यंत गाडी ताणायची नाही, पाच माणसं भरून आंबा घाट तर अजिबात नाही.

खर्चाचा आकडा इथं छापला नाही कारण उघडल्याशिवाय तो खोटाच असतो. उघडून, मापं घेऊन, कागदावर लिहून देतो, तुम्ही हो म्हटल्यावरच पुढचं काम. येताना आरसी आणि आधी कुठं बोअर मारला असेल तर त्याचं बिल आणा. काढलेले जुने पार्ट खोक्यात घालून डिकीत ठेवलेले असतात, घरी नेऊन टाका नाहीतर शोकेसला लावा.