शेतातला प्लास्टिक कागद: अनुदान आले, परतीची सोय राहून गेली

मराठवाड्यात शेतातल्या जुन्या प्लास्टिक कागदाचा प्रश्न आज ज्या रूपात दिसतो, त्याची सुरुवात 2012-13च्या दुष्काळात झाली. त्याआधी शेतात प्लास्टिक नव्हते असे नाही. शेतीत प्लास्टिकचा वापर वाढावा म्हणून केंद्राने 1981 सालीच राष्ट्रीय समिती नेमली होती. मग ठिबक आले, रोपवाटिकांच्या काळ्या पिशव्या आल्या. पण 2012-13ला जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, पोसलेली झाडे तोडून सरपण करावे लागले. त्या उन्हाळ्यात अस्तर टाकलेल्या शेततळ्याची किंमत लोकांना कळली. जालन्याजवळच्या कडवंचीत द्राक्षे आणि शेततळी पाहायला लांबून शेतकरी येऊ लागले आणि परत जाताना पोकलेनवाल्याचा नंबर घेऊन जाऊ लागले.

2016ला लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी राज्याने मागेल त्याला शेततळे योजना काढली. तिच्यात जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये मिळत, तेही खोदाईपुरते. अस्तराचा खर्च शेतकऱ्याचा. सामूहिक शेततळ्याला फलोत्पादनाच्या योजनेतून अस्तरासह मदत होती. 2018पासून हवामान बदलाला तोंड देण्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे आले. बोअरचे पाणी उपसून तळ्यात साठवायचे की पावसाचे, हा वाद तेव्हापासून आहे आणि तो खरा आहे. इथे मुद्दा फक्त कागदाचा.

30 बाय 30 मीटर तोंडाच्या, 3 मीटर खोल तळ्याला कडेचे दुमडणे धरून साधारण बाराशे चौरस मीटर कागद लागतो. 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड असेल तर त्याचे वजन साडेपाचशे किलोच्या आसपास भरते. तो फाटला तरी वाया जात नाही. कडब्याच्या गंजीवर, सोयाबीनच्या सुडीवर, गोठ्याच्या पत्र्याखाली त्याचे तुकडे वर्षानुवर्षे निघतात. उरलेला भंगारवाला घेतो, कारण जाड कागद धुता येतो आणि वितळवून त्याचा नव्या वस्तूंसाठीचा दाणा चांगला पडतो. ठिबकच्या जुन्या नळ्यांचेही तसेच. खरी अडचण मल्चिंग पेपरची, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायच्या पातळ कागदाची आहे.

मल्चिंगला अनुदान मिळते ते खर्चाच्या निम्मे, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तीन-चार महिन्यांच्या पिकाला 25 मायक्रॉन, वर्षभराच्या पिकाला 50, फळबागेला 100 किंवा 200 अशी शिफारस आहे. टरबूज, खरबूज, मिरची, टोमॅटो घेणारा अर्थातच 25चा घेतो. चार फुटी, चारशे मीटरचा रोल जेमतेम अकरा किलोचा. एकरी पाच-सहा रोल, म्हणजे पंचावन्न ते पासष्ट किलो. मे महिन्यात टरबुजाचे शेवटचे तोडे झाले की तो कागद उन्हाने कडक झालेला असतो. ओढला की वीतभर पट्टी हातात येते, बाकीचा मातीखाली दाबलेला काठ तसाच राहतो. मजूर लावून वेचला तर त्या मजुरीचा कुठल्याही योजनेत उल्लेख नाही. मग बांधावर ढीग करून पेटवायचा, नाहीतर रोटाव्हेटर घालायचा. पुढच्या हंगामात रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळलेल्या चिंध्या विळ्याने कापत बसलेला ड्रायव्हर आता कुठल्याही गावात दिसतो.

पुनर्प्रक्रिया करणारे हा कागद नाकारतात, आणि त्यांचा हिशेबही चुकीचा नाही. गोळा केलेल्या मालात माती, ओल आणि वेलीची मुळे यांचेच वजन कागदापेक्षा जास्त भरते. धुवायला पाणी लागते, आणि ते मराठवाड्यात, मे महिन्यात. माती राहिली तर यंत्राची जाळी चोंदते, दाणा खरबरीत निघतो. थंड देशांत हिवाळ्यात बोटी झाकायला वापरलेले पांढरे आवरणही याच जातीचे पॉलिथिन असते. त्याला माती लागत नाही, म्हणून ते सहज परत घेतले जाते.

कायद्याने या सगळ्याकडे पाहिलेच नाही असे म्हणता येणार नाही. त्याने पाहिले आणि बाजूला ठेवले. आपल्याकडे मायक्रॉन हा शब्द कॅरीबॅगमुळे घरोघरी गेला. मुंबईच्या 2005च्या पुरानंतर राज्याने 50 मायक्रॉनची अट घातली, 2018ला बंदी आली, केंद्राने पुढे कॅरीबॅगची मर्यादा 120 मायक्रॉनवर नेली. कारण साधे होते: पातळ प्लास्टिक गोळा होत नाही. हेच कारण मल्चिंगला लावले गेले नाही. 2016च्या केंद्रीय नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी पहिल्यांदा ग्रामपंचायतींवरही टाकली, पण पंचायतीची घंटागाडी शिवारात जात नाही.

सगळ्यात मोठा निर्णय फेब्रुवारी 2022चा. उत्पादकाने आपले प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी त्या मार्गदर्शक तत्त्वांत आकडेवारीनिशी ठरवली गेली, पण ती वेष्टनापुरती. खताची गोणी वेष्टन, औषधाची बाटली वेष्टन, बियाण्याची पुडी वेष्टन. त्यांच्यामागे कोणीतरी जबाबदार आहे. त्याच वाफ्यावर अंथरलेला कागद हा स्वतःच विकलेला माल, म्हणून तो बाहेर. शेततळ्याचे अस्तर बाहेर, नळ्याही बाहेर. या निर्णयाच्या बाजूने सांगितले जाते की जबाबदारी टाकली तर रोल महागेल आणि भार शेवटी शेतकऱ्यावरच येईल. हे अर्धेच खरे आहे. रोलची निम्मी किंमत सरकार आधीच भरते. त्या रकमेतला एक हिस्सा जुना कागद जमा केल्यावर द्यायचा ठरवला असता तर वेगळा कायदाही लागला नसता. अनुदानाच्या तपासणीत कागद अंथरल्याचा फोटो लागतो, काढल्याचा लागत नाही.

इतर देशांत हे आधीच घडले होते. आयर्लंडने 1997 साली शेतातल्या कागदाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केले. चीनमध्ये कापसाच्या रानात चिंध्यांचा थर साचल्यावर 2018पासून मल्चिंगची किमान जाडी 8 मायक्रॉनवरून 10 वर नेली गेली. आपला 25चा त्याहून जाड आहे हे खरे, पण उन्हात तीन-चार महिने काढल्यावर तोही ओढताना फाटतो.

2020 नंतर ग्रामीण स्वच्छतेच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र, सोळा लाखांपर्यंत निधी, असे ठरले. तिथली कल्पना घरातल्या कोरड्या कचऱ्याची: वेगळे करा, तुकडे करा, गठ्ठे बांधा. शेतातला कागद आधी झटकायला आणि धुवायला लागतो. दुष्काळानंतरच्या लाटेत टाकलेली अस्तरे पाच-दहा वर्षांचे आयुष्य संपवून आता बाहेर पडत आहेत. या जड मालासाठी भंगारवाल्याची गाडी शिवारापर्यंत येतेच. त्याच फेरीत मल्चिंगचे वाळवून झटकलेले गठ्ठे तालुक्याच्या केंद्रापर्यंत न्यायचे आणि त्या वाहतुकीचे पैसे अनुदानातून द्यायचे, एवढी तरतूद अजून कुठल्याही योजनेत नाही.