कूलरच्या गावात चिंचिला

नागपूरच्या धंतोलीत आमच्या वरच्या मजल्यावर एक चिंचिला राहतो. करडा, गुबगुबीत, सशाचे कान आणि खारीची शेपटी घेऊन आलेला उंदीरच म्हणा. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी वरची पोरगी धावत खाली आली. "काका, तो खेळतच नाही जी, नुसता पसरून पडला आहे." वर जाऊन पाहतो तर पिंजरा थेट कूलरसमोर. वाळ्याच्या ताट्या भिजलेल्या, ओला गार वारा सुटलेला. घरच्यांनी आपल्या वाट्याचा कूलर त्याला दिला होता. प्रेमात काही कमी नव्हती, घोटाळा भौतिकशास्त्राचा होता.

कूलर आपल्याला गार करतो तो दोन प्रकारे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते आणि वाहत्या हवेने अंगावरचा घाम वाळतो. चिंचिलाला घामच येत नाही, त्यामुळे दुसरा फायदा बाद. पहिल्यातून हवा थोडी गार होते खरी, पण दमटही होते. त्याची लव इतकी दाट की एकेका छिद्रातून साठच्या आसपास केस निघतात. त्यात ओल शिरली की ती लवकर वाळत नाही आणि बुरशीला आयती जागा मिळते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड उतारांवर हा कोट कामाचा होता. तिथे रात्री हाडं गोठतात. आपल्याकडे 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता.

आता यात धावण्याची भर घाला. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा हालचालीत उतरतो, बाकीची उष्णताच होते. आपण ती घामावाटे टाकतो. चिंचिलाकडे मुख्य वाट एकच, ते मोठे पातळ कान. त्यांतून रक्त खेळतं आणि उष्णता बाहेर पडते, पण भोवतालची हवा गार असेल तरच. म्हणून याच्या व्यायामाची वेळ घड्याळाने ठरवू नये, थर्मामीटरने ठरवावी. 15 ते 21 अंश त्याला मानवतात. 27-28 च्या पुढे नुसतं बसूनही उष्माघात होऊ शकतो. आपल्या मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा अनेकदा त्याच्या वर असतो, तेव्हा "रात्री सोडतो ना" हा बचाव चालत नाही. एसीच हवा. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, तोही फायदाच. खोली तासभर आधी गार करा, थर्मामीटर पिंजऱ्याच्या उंचीवर टांगा आणि मगच दार उघडा. हा प्राणी तसाही तिन्हीसांजेनंतर जागा होतो, दुपारी उठवून खेळवू नका. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

दुकानात पारदर्शक प्लॅस्टिकचा गोळा मिळतो, आत प्राणी ठेवायचा आणि तो घरभर गडगडत फिरतो. बघायला मजा येते. चिंचिलासाठी मात्र ती भट्टी आहे, स्वतःच्याच अंगाची उष्णता आत कोंडते. चाक द्यायचं तर सलग पृष्ठभागाचं, निदान 38 सेंटिमीटर व्यासाचं. जाळीचं किंवा सळ्यांचं नको. या प्राण्याचं नडगीचं हाड लांब, बारीक, वर मांसाचं आवरण नावापुरतं. पाय सळईत अडकला आणि त्याने झटका दिला की हाड मोडलंच समजा. गुळगुळीत टाइल्सवर उडी मारून उतरतानाही पाय घसरतो, खेळाच्या जागी घट्ट विणीची सतरंजी अंथरा.

दात जन्मभर वाढतात, म्हणून तो दिसेल ते कुरतडतो. चार्जरच्या वायरी आधी उचला, फ्रिजमागची फट बुजवा. संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा कोपऱ्यात पडला असेल तर तोही. बोटाभोवती आवळला की रक्तच थांबतं. त्याला झडप घालून पकडू नका. घाबरला तर अंगावरचे केस झुपक्याने सोडून तो निसटतो. जमिनीवर बसा, तोच अंगावर चढतो.

एक गोष्ट नागपूरकरांना खास सांगायची, खेळून आल्यावर संत्र्याची फोड देऊ नका. त्याचं पचन सुक्या गवतावर चालतं, साखरेने आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडतो. संत्र्याच्या फांद्याही कुरतडायला नकोत. आंघोळ धुळीची, तीही त्याच्यासाठी मिळणाऱ्या बारीक भुकटीची. कन्हान नदीची वाळू घरं बांधायला उत्तम, याच्या अंगाला ती बोचते.

कान लालबुंद झाले, श्वास भरभर चालला, तो कुशीवर आडवा झाला, की खेळ तिथेच थांबवा. गार खोलीत फरशीच्या तुकड्यावर बसवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, सरळ पशुवैद्यांकडे न्या.

वरच्या त्या पठ्ठ्याला त्या दिवशी एसीच्या खोलीत हलवला, तासाभरात उठून बसला. पण त्याची खरी उडी पाहिली ती डिसेंबरात. आम्ही शाली पांघरून बसलो होतो आणि तो सोफ्याच्या पाठीवरून थेट माझ्या खांद्यावर आला.