पार्श्वभूमी : हॅमवरच्या गप्पा आणि 'बिनमहत्त्वाचं' बोलणं

सकाळी ४० मीटरवर (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्टीवर) जे तासभर बोलणं चालतं तो हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं चालवायचा रेडिओ, की नुसत्या चकाट्या, हा वाद परत निघालाय. नवीन लायसन्सवाली मंडळी म्हणतात की जुने लोक फ्रिक्वेन्सी अडवून बसतात, आणि जुने म्हणतात तुम्ही तर बोलतच नाही, तुमचा कॉम्प्युटर बोलतो. दोन्हीकडे मागचं फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून मला जेवढं नीट माहिती आहे तेवढं इथे लिहितोय. लायसन्स कसं काढायचं, बँड (बोलायला दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्या) कुठले, हे सगळं तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

अगदी जुनं थोडक्यात. आपल्या गप्पांची भाषा हॅमच्या आधीची आहे, ती तारवाल्यांची. कामातून उसंत मिळाली की दोन गावांतले तार ऑपरेटर आपसात टकटक करून बोलायचे, ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्याशी दोस्ती व्हायची. आपण बोलणं संपवताना जे ७३ म्हणतो ते १८५७ च्या एका अमेरिकन तार-मार्गदर्शिकेत 'माझं प्रेम' अशा अर्थानं होतं. दोन वर्षांत त्याचं 'नमस्कार कळावा' असं कोरडं रूप झालं आणि पुढे साध्या शुभेच्छा. प्रेमाचं खातं मग ८८ कडे गेलं. हसायचं असेल तर मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेत, 'हाय हाय', चार टिंबं दोन टिंबं, परत चार दोन, कानाला खरंच कुणी खुदखुदल्यासारखं ऐकू येतं. (काही जण '७३ज' म्हणतात ते मात्र चूक, ७३ मध्येच 'शुभेच्छा' हे अनेकवचन आलं, त्याला परत शेपूट कशाला.)

यातला एक शब्द मला कायम खटकत आलाय. पुरुष कितीही वयाचा असो तो 'ओएम' म्हणजे ओल्ड मॅन, बाई कितीही वयाची असो ती 'वायएल' म्हणजे यंग लेडी, आणि बायको 'एक्सवायएल', म्हणजे माजी तरुणी. आपल्याकडे लोक हे सहज बोलून जातात, 'एक्सवायएलने चहा आणलाय, स्टँडबाय', आणि ती बिचारी मागेच उभी असते. बायकांनी यावर आपला मार्ग काढला होता. अमेरिकेत १९३९ मध्ये त्यांची वेगळी संघटना निघाली आणि लगेच बायकांनी बायकांना द्यायचा ३३ हा निरोप रूढ केला, मैत्रीनं भरलेलं प्रेम असा त्याचा अर्थ. भारतात तो क्वचितच ऐकू येतो.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळा घोळ इथेच आहे. १९२७ मध्ये वॉशिंग्टनला रेडिओची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तोपर्यंत हौशी लोक शॉर्टवेव्हवर समुद्रापार बोलायला लागले होते आणि देशोदेशीची तारखाती बिथरली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं, ही पोरं फुकटात निरोप पोचवायला लागली तर आमच्या तारा कोण करणार. मग नियम झाला की दोन वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्टेशनांनी साध्या उघड भाषेत बोलायचं, विषय प्रयोगासंबंधी असायला हवा, आणि त्याशिवाय खाजगी स्वरूपाचं बोलणं चालेल पण ते इतकं बिनमहत्त्वाचं असलं पाहिजे की त्यासाठी सरकारी तार करण्याचं कारण पडू नये.

परत वाचा. गप्पांना परवानगी होती, पण बिनमहत्त्वाच्या आहेत म्हणून.

शब्दांत थोडे फेरफार होत हा नियम ७६ वर्षं टिकला. तो फक्त परदेशी संपर्काला लागू होता हे खरं, पण त्याची सावली देशांतर्गत नियमांवर पडली आणि त्याहून जास्त आपल्या डोक्यांवर. आपले १९७८ चे नियम बघा, धंद्याचं बोलायचं नाही, जाहिरात नाही, राजकीय वादाचं नाही, गाणी लावायची नाहीत, दोन समाजांत तेढ येईल असं काही नाही. मग उरतं काय? हवा कशी आहे, सिग्नल किती येतोय, रिग म्हणजे सेट कुठला, अँटेना किती फुटांवर, जेवण झालं का. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटतं काय हे रटाळ लोक. पण त्या एवढ्याशा जागेतच आपली मैत्री उभी राहिलेली आहे, दुसरी जागाच नव्हती.

आणि 'महत्त्वाचं' ठरवायचं कुणी? आपल्या घरांत तार आली म्हटलं की वाचायच्या आधी रडारड सुरू व्हायची, कारण तार म्हणजे कुणीतरी गेलं. म्हणजे त्या नियमाच्या हिशोबानं मरण, जन्म, परीक्षेचा निकाल, नोकरी लागली हे सगळं तारेचं गिऱ्हाईक, आणि 'आज गुडघा जरा दुखतोय' हे हॅमचं. पण खरी ओळख गुडघ्यावरूनच होते. रोज सात वाजता येणारा माणूस तीन दिवस आला नाही की चौथ्या दिवशी कुणीतरी फोन करतंच, हे कुठल्या नियमात बसवायचं सांगा. माझं मत स्पष्ट आहे, तो शब्द तारखात्याच्या गल्ल्यासाठी घातला होता आणि आपण तो स्वतःबद्दलचा निवाडा म्हणून गिळला. आजही कुणी लांब बोललं की शेवटी 'सॉरी, फार वेळ घेतला, काही विशेष नव्हतं' असं म्हणतो ना, ते तिथून आलंय.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. राजकारण आणि धर्म बाहेर ठेवल्यामुळे बँडवर भांडणं फार कमी झाली. डॉक्टर, रिक्षावाला, निवृत्त फौजी, कॉलेजचा पोरगा हे एकाच राउंडमध्ये, म्हणजे पाळीपाळीनं चालणाऱ्या गप्पांत, वर्षानुवर्षं बोलत राहिले यात त्या बंधनाचा वाटा आहे, हे मला मान्य आहे.

भारतातला मधला काळ मी भराभर घेतो. १९२१ च्या आसपास पहिले हौशी, १९३९ मध्ये युद्धामुळे लायसन्स रद्द, युद्धानंतर पुन्हा सुरुवात, मग बरीच वर्षं लष्कराच्या मोडीतला माल आणि घरी जोडलेले सेट. १९८४ मध्ये आयातशुल्क माफ झालं तेव्हा कुठे बाहेरचे तयार सेट सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला लागले. मी ऐकायला लागलो ते नव्वदीच्या दशकात, म्हणून तिथलं मला जास्त सांगता येईल.

तेव्हा आपल्याकडे ४० मीटर म्हणजे ७.० ते ७.१ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी, वर लगेच मोठ्या ब्रॉडकास्ट स्टेशनांचा धिंगाणा. त्यात सकाळच्या गप्पांची वेळ कुणी ठरवलेली नव्हती, ती आकाशानं ठरवली होती. ऊन चढलं की आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा डी थर सिग्नल खायला लागतो, रात्री तो थर नसतो पण मग सिग्नल लांब उड्या मारतो आणि शेजारचा जिल्हाच ऐकू येत नाही. सकाळी मधे एक असा वेळ असतो की पुणे, बेळगाव, हैदराबाद, मुंबई सगळं घरातल्यासारखं ऐकू येतं. म्हणून सात-साडेसातला लोक दात घासून रेडिओसमोर. ज्याला आपण नेट म्हणतो ते असं जमलं. एक जण सूत्रं धरतो, एकेकाला हाक मारतो, ज्याची पाळी तो बोलतो, बाकीचे ऐकतात.

आणि हे ऐकणं फार मोठी गोष्ट आहे. बटण दाबलेलं असताना समोरचं ऐकूच येत नाही, त्यामुळे मधे तोंड घालायची सोयच नाही. माणूस 'ओव्हर' म्हणेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोपर्यंत त्याचं सगळं म्हणणं कानावर पडलेलं असतं, भले पटो न पटो. शिवाय न बोलणारे कितीतरी जण नुसते ऐकत बसलेले असतात, म्हणून प्रत्येक जण जरा सांभाळून बोलतो. मी लायसन्स यायच्या आधी जवळजवळ दोन वर्षं नुसता ऐकत होतो. पहिल्यांदा आयबॉलला गेलो, म्हणजे प्रत्यक्ष भेटीला, तेव्हा चेहरा एकही ओळखीचा नाही पण पाठमोऱ्या माणसानं खोकला काढला आणि मी त्याचा कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी अक्षर-आकड्यांची ओळख, सांगितला. आडनावं कितीकांची आजही माहीत नाहीत. कॉलसाइन आणि हाक मारायचं नाव, बस्स.

याच ओळखीचा उपयोग कधी झाला ते सगळ्यांना पाठ आहे. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. भूज, २६ जानेवारी २००१. आणि डिसेंबर २००४, जेव्हा अंदमानला हौशी रेडिओवाल्यांची मोहीम गेलेली होती आणि २६ तारखेला त्सुनामी आली, ज्या सेटवरून आदल्या दिवसापर्यंत जगभर 'फाइव्ह नाइन, थँक्यू' (सिग्नल उत्तम, आभार) चाललं होतं त्याच सेटवरून पोर्ट ब्लेअरचे लोक सुखरूप असल्याचे निरोप निघाले. लेखांमधून यालाच हॅमचं 'खरं काम' म्हणतात, आणि गप्पा म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. मला हे उलटं दिसतं. एकमेकांचा आवाज, सवयी, कोण शब्द खातो, कुणाच्या लिहून घेण्यावर विश्वास ठेवायचा, हे रोजच्या गप्पांत कळलेलं असतं म्हणून संकटात निरोप बिनचूक जातो.

२००३ ला जिनिव्हात परिषद झाली. विचारा कुणालाही, ती मोर्ससाठी लक्षात आहे, कारण मोर्सची परीक्षा ठेवायची की नाही हे प्रत्येक देशावर सोडलं आणि त्यावरून पुढची कित्येक वर्षं हाणामाऱ्या झाल्या. ७.१ ते ७.२ चा पट्टा ब्रॉडकास्टवाल्यांनी रिकामा करायचा हेही तिथेच ठरलं, ते मार्च २००९ ला अमलात आलं. पण त्याच बैठकीत 'बिनमहत्त्वाचं' आणि तार हे दोन्ही नियमातून गेले, याकडे कुणी बघितलंच नाही. आता तिथे एवढंच आहे की बोलणं हौशी सेवेच्या हेतूंशी निगडित असावं, आणि वैयक्तिक स्वरूपाचं बोललेलं चालेल. अट नाही, शेपूट नाही. हेतूंच्या व्याख्येत 'परस्परांशी संपर्क' हा शब्द आधीपासून आहेच. म्हणजे गप्पांना आता कमीपणाचं कारण द्यावं लागत नाही. ज्या तारेला वाचवायला तो शब्द आणला होता ती आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद पण झाली.

पण तोपर्यंत गप्पा रेडिओवरून निसटायला लागल्या होत्या. २००२ मध्ये एकोलिंक आलं, कॉलसाइन तपासून आत घेतात आणि मग इंटरनेटवरून जगात कुठेही बोला. वाद लगेच, यात रेडिओ कुठंय? दोन्ही टोकाला मोबाइल असेल तर खरंच नाही, आणि मोठ्या पुरस्कारांसाठी असे संपर्क धरत नाहीत तेही बरोबर. पण ज्यांच्या सोसायटीनं गच्चीवर वायर बांधू दिली नाही त्यांनी काय करायचं? आमच्यातले दोन-तीन जण फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि बँडवरून नाहीसे झाले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं अँटेनानं वीज पडते आणि विषय संपला. ते एकोलिंकमुळे परत राउंडमध्ये आले. त्याला क्यूएसओ, म्हणजे रेडिओवरचा संपर्क, म्हणायचं की नाही ते पुरस्कारवाल्यांनी ठरवावं, माझा मित्र परत बोलायला लागला एवढं मला पुरतं.

खरा धक्का त्यानंतर. २०१७ च्या मध्याला एफटी८ आलं, कॉम्प्युटरनंच छोटे ठरावीक निरोप द्यायचे-घ्यायचे असं तंत्र. पंधरा सेकंदांच्या पाळ्या, कॉलसाइन, ग्रिड (नकाशावरच्या ठिकाणाचा कोड), सिग्नल रिपोर्ट, ७३, झालं. कानाला ऐकूच येणार नाही इतका मंद सिग्नल त्यात सुटतो आणि तेव्हा सूर्यचक्र उतरणीला लागलेलं, बँड मेलेले, त्यामुळे छोट्या अँटेनावाल्यांना लॉटरीच. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मनातलं लिहायचं असेल तर एका वेळी तेरा अक्षरं मिळतात. तेरा! रिकामी जागा धरून. यात गुडघा बसत नाही. काहींना हे जाणवलं, म्हणून वर्षभरातच त्याच तंत्रावर टाइप करून गप्पा मारता येतील असं जेएस८कॉल निघालं, पण गर्दी एफटी८ वरच राहिली. लॉगमध्ये शंभर देश आणि एकाही माणसाचं नाव आठवत नाही असे लोक आता भेटतात, ते वाईट नाहीत, त्यांना कुणी बोलायला बसवलंच नाही.

२०२० मध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा ब्रिटनमधल्या हौशी संघटनेनं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेबरोबर मोहीमच काढली, रेडिओ लावा आणि एकट्या पडलेल्यांशी बोला म्हणून. आपल्याकडे मोहीम वगैरे काही नव्हती, पण सकाळचा राउंड दुपटीनं लांबला. वर्षानुवर्षं गप्प असलेले कॉलसाइन परत ऐकू आले, काही जण खोक्यातून सेट काढून, धूळ झटकून. त्या दोन वर्षांत सायलेंट की, म्हणजे वारलेले हॅम, पण बरेच झाले. कुणी गेलं की त्या दिवशी नेटवर त्याचा कॉलसाइन नेहमीच्या क्रमानं पुकारतात, थोडं थांबतात, कुणीच काही बोलत नाही, नुसती बँडची खरखर, आणि मग पुढच्याला हाक.

आता रोजचं बरंचसं बोलणं व्हॉट्सअॅपवर गेलंय, तिथे फॉरवर्ड आहेत, राजकारण आहे, ग्रुप सोडून जाणं आहे. ४० मीटरवर मात्र अजून सकाळी पाच-सात जण असतात. परवा पाऊण तास एकाच्या गच्चीवरच्या बांबूबद्दल बोलणं चाललं होतं, दोरी नायलॉनची घ्यावी की सुताची, उन्हानं कुठली आधी कुजते.