‘होतं’ म्हणायचं की ‘आहे’: नाहेमच्या वादाची पार्श्वभूमी

ज्यूंच्या तिशा बेआवच्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकात धरायच्या, आव महिन्याच्या नवमीच्या उपासाला सकाळभर जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलांवर बसलेली माणसं मध्यान्ह टळली की उठून बाकांवर बसतात. सकाळी बाजूला ठेवलेली झालरीची शाल आता खांद्यावर येते, तेफिलीनचे, म्हणजे धर्मवचनांच्या छोट्या डब्यांचे, पट्टे हाताला गुंडाळले जातात. मग मिनहाच्या, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेत, जेरुसलेमच्या उभारणीच्या आशीर्वचनात एक जादाचा परिच्छेद येतो. त्याचा पहिला शब्द ‘नाहेम’, सांत्वन कर. मंदिराला आग लावली गेली ती नवमीच्या उतरत्या दुपारी, असं परंपरा सांगते. सांत्वन मागायचं तेही त्याच घटकेला.

या परिच्छेदात जेरुसलेमला चार विशेषणं लावलेली आहेत: शोकमग्न, उद्ध्वस्त, तिरस्कृत, ओसाड. लगेच त्यांची फोड येते. लेकरांविना शोकमग्न, घरांविना उद्ध्वस्त, वैभव जाऊन तिरस्कृत, राहणारं कोणी नाही म्हणून ओसाड. कधी मूल न झालेल्या बाईसारखं हे शहर डोकं झाकून बसलं आहे, असंही पुढे म्हटलं आहे. शेवटाकडे येतं की आगीने तू तिला जाळलंस, आगीनेच पुन्हा बांधशील. गेली साठेक वर्षं भांडण चाललं आहे ते या चार विशेषणांवर.

7 जून 1967 रोजी इस्रायली छत्रीधारी सैनिक जुन्या शहरात शिरले. त्या वर्षीची तिशा बेआव 15 ऑगस्टला आली. मधे दहा आठवडेसुद्धा गेले नव्हते. मंदिराच्या आवाराच्या ज्या उरलेल्या पश्चिम भिंतीपाशी 1948 पासून जाता येत नव्हतं तिथे हजारोंनी माणसं जमू लागली होती आणि हातातल्या पुस्तकात मात्र छापलेलं होतं: ओसाड, राहणारं कोणी नाही. देवासमोर उभं राहून हे वाक्य म्हणायचं कसं?

एक उत्तर आलं थेट लष्कराच्या तेव्हाच्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून. भिंत हाती आली त्या दिवशी तिथे शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकणारे तेच. त्यांनी मजकूर नव्याने जुळवला, पण स्वतःच्या मनचा नाही. तालमुद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, एक जेरुसलेमचा आणि एक बाबिलोनचा. त्यातल्या जेरुसलेम तालमुदात या प्रार्थनेचं सगळ्यांत जुनं रूप सापडतं, त्याचा आधार घेऊन. दुसरं उत्तर पुढे तेल अवीवचे सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यू परंपरेचे, मुख्य रब्बी झालेल्या एका विद्वानाचं, आणि मला ते जास्त नेमकं वाटतं. त्यांनी फक्त ‘होतं’ घातलं: जे शहर शोकमग्न, उद्ध्वस्त, तिरस्कृत आणि ओसाड होतं. बाकी सगळं जवळपास तसंच. हिब्रूत त्यासाठी ‘शेहायता’ एवढा एकच शब्द पुरतो.

विरोध करणारेही लहानसहान नव्हते. सेफार्दी जगात ज्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, त्या पुढे देशाच्या मुख्य रब्बीपदावर बसलेल्या पंडितांचं म्हणणं असं, की टेकडीवर मंदिर नाही तोवर शहर ओसाडच, आणि आपल्यापेक्षा फार मोठ्यांनी घडवलेल्या शब्दांना हात लावायचा आपला अधिकार नाही. बोस्टनमध्ये शिकवणाऱ्या एका तालमुदपंडितांनी हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली. ‘उद्ध्वस्त’ हे शहराच्या वस्तीचं वर्णन नाही, मंदिराच्या अवस्थेचं आहे. इमारती कितीही उभ्या राहोत, त्या शब्दाला बाध येत नाही.

या बाजूचा सर्वांत जड मुद्दा मात्र त्यांच्याकडून फारसा ऐकू येत नाही. मुळात शहर ओसाड कधी होतं? तुर्कांच्या काळात तिथे ज्यू राहतच होते, विशेष म्हणजे हीच प्रार्थना म्हणत राहत होते आणि ‘राहणारं कोणी नाही’ म्हणताना अडखळत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर तिथे त्यांचंच संख्याबळ मोठं होतं. म्हणजे तेव्हाही कोणी ते वाक्य जनगणनेसारखं वाचत नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट या वादात आली नाही, तिची नोंद इथेच करतो. भिंतीसमोरचं आजचं विस्तीर्ण पटांगण युद्ध संपताच मोकळं केलेलं आहे. त्या जागी मुघ्राबी मोहल्ला होता आणि 10 जूनच्या रात्रीपासून तो पाडला गेला. तिथली मुसलमान कुटुंबं बाहेर पडली. त्या उन्हाळ्यात ‘घरांविना’ हा शब्द आणखी कोणाला लागू होता, हे विचारणारा आवाज प्रार्थनेच्या चर्चेत फार क्षीण राहिला.

आता ‘होतं’ घालणाऱ्यांचा आधार. बाबिलोनी तालमुदात योमा या भागात एक हकिगत आहे. मोशेने देवाला म्हटलं होतं, ‘थोर, पराक्रमी, भयप्रद’. मग यिर्मया आला. परके लोक मंदिरात धिंगाणा घालताना पाहून त्याने विचारलं, याचा धाक कुठे गेला? आणि प्रार्थनेतून ‘भयप्रद’ गाळलं. पुढे दानिएल. लेकरं परक्यांची गुलामी करताहेत, मग याचा पराक्रम कुठे आहे? त्याने ‘पराक्रमी’ गाळलं. नंतर महासभेच्या, म्हणजे प्राचीन ज्यू पंडितांच्या सभेच्या, लोकांनी दोन्ही शब्द परत आणले, अर्थ मात्र फिरवून: राग गिळून दुष्टांना इतका काळ सहन करतो, हाच त्याचा पराक्रम, आणि एवढ्या राष्ट्रांच्या गराड्यात हे एक छोटं राष्ट्र टिकून आहे, हाच त्याचा धाक. तालमुद लगेच विचारतो की मोशेचे शब्द गाळायची त्या दोघांची हिंमत कशी झाली? उत्तर येतं, देवाला सत्य प्रिय आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याच्याबद्दल खोटं बोलायचं टाळलं.

ही हकिगत वाचली की 1967 चा वाद नवा राहत नाही. गंमत अशी की दोन्ही पक्षांना ती सोयीची आहे. बदल करणारे यिर्मया आणि दानिएल दाखवतात. न करणारे महासभेकडे बोट दाखवतात: शब्द तेच ठेवा, त्यांच्याकडे बघायची नजर बदला.

जेरुसलेम तालमुदातल्या जुन्या रूपात आणखी एक फरक आहे. तिथे पहिला शब्द ‘नाहेम’ नसून ‘राहेम’ आहे, म्हणजे दया कर. हे रूप चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचं. नंतर कधीतरी दयेच्या जागी सांत्वन आलं. ‘राहेम’चं मूळ रेहेम, म्हणजे गर्भाशय. आपल्याकडे फारसीमार्गे आलेला ‘रहम’ याच सेमिटिक घराण्यातला. दयेची विनवणी करायची ती अजून काही वाचू शकेल अशी आशा असते तेव्हा, आणि सांत्वन मागायचं ते सगळं होऊन गेल्यावर. शब्द बदलताना हा विचार कोणाच्या मनात होता असं मी म्हणत नाही, पण फरक पडतोच.

या प्रार्थनेमागे असलेली वनवासाची कल्पना मराठीत आणताना थोडी फसगत होते. आपला वनवास चौदा वर्षांचा, मुदतीचा. बाबेलच्या बंदिवासालाही यिर्मयाने सत्तर वर्षांची मुदत दिली होती, शिवाय त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा असं पत्रच धाडलं होतं. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, त्यानंतरच्या ‘गालुत’ला, म्हणजे हद्दपारीला, मुदत नव्हती. मग दुःखाचं काय करायचं, हा प्रश्न बिनमुदतीचा झाला. सणांच्या प्रार्थनेत एक उत्तर कायमचं जाऊन बसलं: आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या भूमीतून हद्दपार झालो. पण तालमुद या एका उत्तरावर थांबत नाही. रब्बी योहानान एका आजाऱ्याला भेटायला जातात आणि विचारतात, ही दुखणी तुला प्रिय आहेत का? तो म्हणतो, ती नकोत आणि त्यांचं फळही नको. योहानान म्हणतात, हात दे. तो हात देतो आणि उठून बसतो. हे तेच योहानान, जे आपल्या दहाव्या मृत मुलाचं हाड जवळ बाळगत आणि दुःखी माणसांना दाखवत. पुढे ते स्वतः आजारी पडले तेव्हा दुसऱ्याने येऊन त्यांना हात दिला. तालमुद विचारतो, त्यांनी स्वतःच का उठू नये? कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही, एवढंच उत्तर दिलेलं आहे.

योहानानांच्या या गोष्टी तालमुदाच्या बराखोत भागात आहेत. त्याच भागात देव स्वतः प्रार्थना करतो: माझी दया माझ्या रागावर मात करो. रात्रीच्या तीन प्रहरांना तो सिंहासारखा गर्जतो, की मी माझं घर जाळलं आणि लेकरांना राष्ट्रांमध्ये पांगवलं. प्रार्थनेची दारं मंदिर पडल्यापासून बंद आहेत, अश्रूंची दारं बंद झालेली नाहीत, हेही याच ग्रंथात. आणि मेगिला भागात रब्बी शिमोन बेन योहाय सांगतात की ते जिथे जिथे हद्दपार झाले तिथे शेखिना, म्हणजे देवाचा वास, त्यांच्याबरोबर गेला. मिसरला गेले, तर मिसरला. बाबेलला गेले, तर बाबेलला.

देवाला खरंच दुखतं का, याचं उत्तर यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात एका अक्षरावर टांगलेलं आहे. ‘त्यांच्या सगळ्या दुःखात तो दुःखी झाला’ असं वाक्य वाचलं जातं. पण लिहिलेला शब्द आहे ‘नाही’. हिब्रूत ‘लो’ दोन प्रकारे लिहितात: आलेफने लिहिलं तर ‘नाही’, वावने लिहिलं तर ‘त्याला’. उच्चार एकच. नकलाकारांनी पानावर आलेफ ठेवलं आणि वाचणाऱ्याला समासात सांगितलं, वाव धर. कोणी कोणाला खोडलं नाही. नाहेमबाबत अशी तडजोड कोणाला का सुचली नाही, असं कधीकधी वाटून जातं.

मध्ययुग भराभर उरकतो. 1096 च्या क्रुसेडमध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्या कापल्या गेल्या, तेव्हा रचलेल्या एका विलापगीताने सांगितलं की शोकाचा नवा दिवस पाडायचा नाही, हेही दुःख नवमीतच घाला. 1492 ची स्पेनमधली हकालपट्टीही लोकांच्या आठवणीत नवमीलाच जोडली गेली. सोळाव्या शतकात गालीलमधल्या सफेद गावच्या ज्यू गूढवाद्यांनी मध्यरात्री उठून शेखिनेच्या वनवासावर रडण्याचा पाठ घट्ट केला. नंतरच्या हसिदी, म्हणजे पूर्व युरोपातल्या भक्तिपंथाच्या, गुरूंनी सांगितलं की स्वतःच्या दुखण्यासाठी मागू नका, त्यात शेखिनेला जे दुखतं त्यासाठी मागा. वॉर्साच्या घेट्टोत 1939 ते 1942 या काळात प्रवचनं करणाऱ्या एका हसिदी रब्बीने तर देव आतल्या खोलीत एकटा रडतो ही तालमुदातली प्रतिमा घेतली आणि म्हटलं, तिथे शिरून त्याच्यासोबत रडता येतं. त्याची पानं पुरलेली होती, युद्धानंतर सापडली. तो मात्र 1943 मध्ये मारला गेला.

नव्या शोकाला नवा दिवस द्यायचा की नवमीतच घालायचा, हा अकराव्या शतकातला प्रश्न विसाव्यात जसाच्या तसा परत आला. 1951 मध्ये इस्रायलच्या संसदेने होलोकॉस्टच्या स्मरणासाठी निसान महिन्याची 27 वी तिथी ठरवली. निसान हा आनंदाचा महिना, त्यात शोक बसत नाही, अशी धार्मिक गटांची तक्रार होती. 1977 मध्ये सत्तेवर आलेल्या पंतप्रधानांनी तो दिवस तिशा बेआवला हलवावा असं सुचवलं. तसं झालं नाही.

मराठी वाचकाला या उपासाचं एक घरचं नाव सापडतं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू तिशा बेआवला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. उपास आषाढ-श्रावणाच्या दिवसांतच येतो, आणि तेव्हा अलिबाग-पेणकडच्या कुठल्याही घरात वाल भिजत पडलेले असतातच. इतर ज्यूंमध्ये शोकाचं अन्न मसूर: मसुराला तोंड नसतं, तसं शोकातल्या माणसालाही नसतं. आपल्या बिरड्याच्या वालाला मात्र मोड काढून, सोलून, तोंड उघडल्यावरच पातेल्यात टाकतात. या विसंगतीचा अर्थ लावायच्या भानगडीत मी पडत नाही.

दयेचा शब्दही याच समाजाने मुंबईत दगडावर ठेवला आहे. मांडवीजवळच्या, 1796 साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगचं आजचं नाव शाआर हाराहमीम, दयेचं दार. कंपनीच्या फौजेतला एक बेने इस्राएल अधिकारी टिपूच्या कैदेत सापडला होता आणि सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा नवस तिथे बोलला होता, असं सांगतात. मशीद बंदर या नावातली मशीदही हीच, असं मानणारे बरेच आहेत.

नाहेमचं आजचं चित्र असं. पारंपरिक अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपकडच्या ज्यू परंपरेच्या, पुस्तकांत जुना मजकूर कायम आहे. उदार प्रवाहांच्या पुस्तकांत बदललेला छापतात. धार्मिक झायोनवाद्यांपैकी काही जण छापील ओळ तशीच ठेवून तोंडाने ‘शेहायता’ जोडतात. नाहेम ज्यात येतो ती आमिदा, म्हणजे मुख्य प्रार्थना, आधी प्रत्येक जण उभ्याने, मनातल्या मनात ओठ हलवत म्हणतो, त्यामुळे शेजारच्याने कोणता काळ वापरला ते कळत नाही. मग पुढे उभा असलेला तीच प्रार्थना सगळ्यांसाठी मोठ्याने म्हणू लागतो. जेरुसलेमच्या ओळीवर आल्यावर ‘होतं’ म्हणायचं की नाही, ते त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं.