वेल्डिंगचा धूर: हूड कुठे धरायचा, मास्क कोणता घ्यायचा

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फॅब्रिकेशन शॉपमधल्या आमच्या ग्राहकांसाठी

वेल्डिंगच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहून बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये हा धूर कर्करोगकारक ठरवला, आणि त्यात एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं स्टील) धूरही आला. एसएसच्या (स्टेनलेस स्टील) धुरात क्रोमियम आणि निकेल असतात, म्हणून तिथे जास्तच जपायला हवं. वेल्डरना न्यूमोनियाचा धोकाही इतरांपेक्षा अधिक असतो.

जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचं काम केल्यावर चार ते दहा तासांनी, म्हणजे बहुधा घरी गेल्यावर, थंडी वाजून ताप येतो आणि तोंडाला धातूची चव येते. हा जस्ताच्या धुराचा ताप. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. वेल्डच्या दोन्ही बाजूंचं २५ ते ५० मिमी जस्त आधी ग्राइंड करून काढा, ग्राइंडिंग करतानाही मास्क लावा. दम लागत असेल तर उतरण्याची वाट पाहू नका. डॉक्टरकडे जा आणि कोणतं काम केलं ते सांगा. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने फुफ्फुसात गेलेला धूर बाहेर पडत नाही.

बहुतेक शॉपमध्ये पेडेस्टल फॅन लावलेला दिसतो. त्याने धूर शेजारच्या कामगाराकडे जातो आणि मिग वेल्डिंगमध्ये वेल्डला हवेपासून झाकणारा गॅस उडून वेल्डमध्ये छिद्रं पडतात. धूर जिथे निघतो तिथेच ओढायला हवा. सगळं अंतरावर ठरतं: १५० मिमीच्या साध्या पाइपाचं तोंड आर्कपासून (वेल्डिंगची ज्योत पेटते त्या जागेपासून) १५० मिमीवर असेल, तर आर्कपाशी सेकंदाला अर्धा मीटर ओढ मिळायला ताशी साधारण ४४० घनमीटर हवा पुरते. तेच तोंड ३०० मिमीवर गेलं की १६५० लागते! म्हणून मोठा ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) घेण्याआधी हूड, म्हणजे धूर ओढणारं तोंड, जवळ आणा, आणि जॉब पुढे सरकेल तसा तोही सरकवा. तोंड वेल्डरच्या चेहऱ्याच्या पलीकडे, बाजूला ठेवा. डोक्यावर टांगलं तर धूर नाकावरूनच वर जातो. तपासणी सोपी आहे. आर्क बंद असताना त्या जागी उदबत्ती धरा, धूर सरळ हूडमध्ये गेला पाहिजे. ओढ कमी वाटली तर आधी फिल्टर आणि फ्लेक्झिबल पाइपाची वळणं पाहा. फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका, साठलेली धूळ परत शॉपमध्ये उडते.

रुमाल किंवा सर्जिकल मास्क उपयोगाचा नाही. निदान एफएफपी२ दर्जाचा, बारीक कण अडवणारा मास्क घ्या. एसएसचं काम रोजचं असेल तर पी३ (त्याहून बारीक गाळणाऱ्या) फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. टाकीच्या आत आर्गॉन वापरताना मात्र यातला कोणताच मास्क कामाचा नाही: आर्गॉन तळाशी साठतो आणि ऑक्सिजन कमी होतो. तिथे ताजी हवा सोडा, मीटरवर १९.५ टक्के ऑक्सिजन दिसल्याशिवाय उतरू नका, बाहेर एक माणूस ठेवा.

एक्स्ट्रॅक्टरच्या (धूर ओढणाऱ्या यंत्राच्या) चौकशीला येताना जॉबची मापं, रोजचं काम एमएस, एसएस की जीआय, आणि बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर लिहून आणा.