डोळ्याच्या पडद्याच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि सगळी प्रोसेस

सगळ्यात आधी हे, कारण जो तो हेच विचारतो की अर्ज कुठे भरायचा. तर ट्रायलला, म्हणजे नवीन उपचार माणसांवर नियमाने तपासून बघण्याच्या अभ्यासाला, असा अर्ज नसतोच. ही काय लाडकी बहीण योजना नाही की फॉर्म भरला, आधार जोडलं आणि यादीत नाव आलं. ट्रायल आपण शोधायची, तिथल्या डॉक्टरांना फोन करायचा, ते तपासून ठरवणार घ्यायचं की नाही, आणि घेतलं तरी शेवटची सही आपली. बाकी सगळं या तीन-चार पायऱ्यांच्या मधेच घडतं.

शोधायचं कुठे? सीटीआरआय नावाची ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद), २००७ पासून चालू आणि जून २००९ पासून औषधाची ट्रायल तिथे नोंदवल्याशिवाय सुरूच करता येत नाही. गुगलवर सीटीआरआय टाका, साइट सापडते. सर्चमध्ये इंग्रजीतच टाइप करावं लागतं, रेटिना (म्हणजे पडदा), डायबेटिक मॅक्युलर एडिमा, रेटिनायटिस पिगमेंटोसा असं काही. फाइलवर आजाराचं जे नाव लिहिलंय तेच बघून टाका, नुसतं 'पडद्याला सूज' म्हणून काही मिळणार नाही. एखादी ट्रायल उघडली की चार गोष्टी बघा. भरती चालू आहे का, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात आहे, डीसीजीआयची (केंद्राचे औषध नियंत्रक) मंजुरी जिथे लागते तिथे मिळालीय का, आणि खाली पात्रतेचा भाग. यादी लांबलचक दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, त्यात बऱ्याच नोंदी मेडिकल कॉलेजच्या पीजी करणाऱ्या मुलांच्या थिसिसच्या असतात, काही आयुर्वेदाच्या, काहींमध्ये औषधच नसतं, नुसती तपासणी करून माहिती गोळा करतात. वाईट काही नाही त्यात, पण नवीन इंजेक्शन मिळेल म्हणून गेलात तर हिरमोड होईल.

जागा बघताना ठाणे किंवा नवी मुंबईच हवं असा हट्ट धरू नका. ठाण्याहून भायखळा, वाशीहून हार्बरने वडाळा किंवा पनवेल हे जमण्यासारखं आहे, पण हैदराबाद-चेन्नईची ट्रायल असेल तर दर महिन्याला जायचंय हे धरून हिशोब करा. नोंदीतच संपर्काचा फोन दिलेला असतो, तिथे फोन केला की बहुतेक वेळा रिसर्च को-ऑर्डिनेटर बोलतात आणि अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात. त्याच्या आधी आपल्या नेहमीच्या रेटिनावाल्या डॉक्टरांना मात्र विचारून घ्या, पाठीमागून जाऊ नका, कारण चालू इंजेक्शनं थांबवायची का हा प्रश्न येणारच.

आता पात्रता. इथे लोक जास्त नाराज होतात, डोळा एवढा खराब असून घेतलं नाही म्हणतात. अहो, खराब असणं पुरेसं नसतं, ठरलेल्या पट्ट्यात बसावं लागतं. भिंतीवरच्या खास तक्त्यावर किती अक्षरं वाचता येतात ते मोजतात, ओसीटीत (पडद्याचा स्कॅन) मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये बघतात. अमेरिकेत प्रोटोकॉल टी नावाची प्रसिद्ध ट्रायल झाली, शुगरमुळे पडद्याला सूज आलेल्या ६६० जणांवर, ८९ ठिकाणी, निकाल २०१५ ला आला. त्यात ७८ ते २४ अक्षरं वाचणारेच घेतले होते. तीन वेगवेगळ्या इंजेक्शनांची तुलना होती. आणि झालं काय, तिन्हींनी नजर सुधारली, पण ज्यांची नजर सुरुवातीलाच ६/१५ किंवा त्याहून कमी होती त्यांना पहिल्या वर्षात त्यातल्या अफ्लिबरसेप्टचा जास्त फायदा दिसला, ज्यांची बरी होती त्यांच्यात तिघांत खास फरक नाही. कोणाला काय लागू पडतं हे असं वेगळं काढता आलं कारण सुरुवातीला सगळ्यांची नजर नीट मोजून ठेवली होती.

बाकीच्या अटी साधारण अशा असतात, प्रत्येक ट्रायलच्या वेगळ्या. वय पूर्ण १८ च्या वर, वयामुळे होणाऱ्या आजाराला ५० च्या वर. तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टवर एचबीए१सी, टक्क्यांत) फार चढलेली नको, कुठे १० ची मर्यादा, कुठे १२ ची. नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक, आवाक्याबाहेरचं बीपी, गरोदरपण, काचबिंदूचं न उतरणारं प्रेशर, यातलं काही असेल तर नाही म्हणतात. त्या डोळ्यात अलीकडे इंजेक्शन किंवा लेझर झालं असेल तर काही महिने थांबवतात. आणि दोन्ही डोळे खराब असले तरी बऱ्याचदा अभ्यासाला एकच डोळा घेतात, दुसऱ्याचं काय हे त्याच दिवशी विचारून घ्या. रातांधळेपणाच्या घराण्यातल्या आजारात जीनचा रिपोर्ट मागतात, कारण २०१७ ला अमेरिकेत मंजूर झालेली जीन थेरपी आरपीई६५ या एकाच जीनच्या बिघाडासाठी आहे, बाकीच्यांना तिचा उपयोग नाही.

कागदपत्रं काय न्यायची? आधार किंवा दुसरं ओळखपत्र, जुने केसपेपर, ओसीटी आणि डोळ्याची अँजिओग्राफी (नुसता कागद नको, सीडी किंवा पेनड्राइव्हवर इमेज असतील तर त्या), कुठल्या तारखेला कुठलं इंजेक्शन झालं त्याची बिलं, शुगर-किडनी-बीपीचे ताजे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी. झेरॉक्सचा एक सेट द्या, ओरिजिनल तिथे ठेवू नका. संमतीपत्रात पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-नातं विचारतात. उत्पन्न आणि नॉमिनी बघून माणसं दचकतात, पण ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांत तो रकाना आहेच, काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची म्हणून.

त्या संमतीपत्राबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पडद्याच्या पेशंटची खरी अडचण तिथे आहे. चांगलं जाडजूड पत्रक असतं, आणि ज्याने सही करायची त्यालाच ते वाचता येत नाही! आमच्या सासूबाई शिकलेल्या, पेपर वाचायची सवय, पण मधला भागच धूसर झाल्यावर अक्षर दिसणार कसं. मग "आजी, इथे सही करा" एवढंच होऊ शकतं. तसं होऊ देऊ नका. पत्रक पेशंटला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठीच मागा, ते असतं. वाचता येत नसेल तर पूर्ण समजावण्याच्या वेळी निष्पक्ष साक्षीदार हजर लागतो आणि त्याची पण सही लागते, हॉस्पिटलच्या टीममधला माणूस म्हणजे साक्षीदार नव्हे. घरी न्यायला मागा, रात्री मोठ्याने वाचून काढा, प्रश्न लिहून ठेवा, मग जा. एकदम नवीन औषध असेल आणि पेशंट दुबळ्या गटातला (ज्याच्यावर सहज दबाव येऊ शकतो असा) असेल तर या बोलण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पण करतात, घाबरायचं नाही. सही झालेली प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे.

वाचताना एक शब्द हमखास अडतो, शॅम. म्हणजे सुई न टोचता इंजेक्शन दिल्यासारखं करतात, आपण कुठल्या गटात आहोत ते कळू नये म्हणून. हे ऐकून आमच्याकडे भांडण झालं होतं, फसवतात की काय म्हणून. फसवणूक नाही, आधीच लिहून दिलेलं असतं, पण त्या काळात डोळा बिघडला तर नेहमीचं इंजेक्शन कधी देणार हे मात्र स्पष्ट विचारा.

पैशाचं. ट्रायलच्या औषधाचे पैसे घेत नाहीत, प्रवासखर्च किती ते एथिक्स कमिटीने (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) मंजूर केलेलं असतं आणि पत्रकात लिहिलेलं असतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, कायमचं नुकसान किंवा मृत्यू झाला तर भरपाई वेगळी. गंभीर काही घडलं तर ट्रायलच्या डॉक्टरांनी ते २४ तासांत वर कळवायचं असतं, म्हणून अचानक डोळा लाल, दुखायला लागला, नजर उतरली तर पुढच्या तारखेची वाट न बघता पत्रकावरच्या नंबरवर लगेच फोन. आणि कोणी स्टेम सेलने (मूळ पेशींनी) पडदा बरा करतो, लाखभर भरा, 'ट्रायल' आहे म्हणालं तर उठून या. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डोळ्यासाठी असा उपचार मंजूर ट्रायलबाहेर करायला परवानगीच नाही, आणि ट्रायल असेल तर पैसे कसले. सीटीआरआय नंबर मागा, एथिक्स कमिटीचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, तिथेच समोरचा गडबडतो.

घेतलं तर पहिले काही महिने महिन्याला एक फेरी धराच. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात, चार-पाच तास उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे घोडबंदरवरून स्कूटर घेऊन एकट्याने जाणं विसरा, कोणीतरी सोबत लागतं. मधेच सोडावंसं वाटलं तर कधीही सोडता येतं, कारण द्यायची सक्ती नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. स्क्रीनिंगमध्येच बाद झालात तर तिथे केलेल्या ओसीटी आणि रक्ताच्या रिपोर्टची कॉपी मागून घ्या, आणि नक्की कुठल्या अटीत बसलो नाही तेही लिहून घ्या, शुगरमुळे असेल तर ती उतरल्यावर परत तपासून घेतात का ते को-ऑर्डिनेटर सांगतील.