सीमाभागातलं मराठी हायस्कूल: वाद आला कुठून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळांविषयी बोलायचं तर पटसंख्येआधी दहावीची गुणपत्रिका बघावी. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेला, एकूण 625 गुण, त्यात प्रथम भाषेला 125 आणि बाकी पाच विषयांना 100-100. ही प्रथम भाषा कोणती, यावरूनच इथं आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेलं. त्याच वर्षी घटनेत 350-अ कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय करा असं ते राज्यांना सांगतं, पण फक्त प्राथमिक टप्प्यापुरतं. हायस्कूल त्यातून सुटलं. पुढच्या वादांना वाट मिळाली ती इथूनच, असं मला वाटतं.

ठिणगी मात्र बेळगावात पडली नाही. कर्नाटकात बरीच मुलं प्रथम भाषा म्हणून संस्कृत घेऊन कन्नड टाळत होती. त्यावर 1980 मध्ये कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक यांची समिती नेमली गेली. माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी आणि तिला 150 गुण असावेत, अशी शिफारस समितीनं केली. 1982 मध्ये राजकुमार यांच्यासारखा लोकप्रिय नट या मागणीसाठी रस्त्यावर उतरला आणि सरकार हललं, कन्नडसक्तीचा आदेश निघाला. भांडण संस्कृतचं होतं, झळ मात्र मराठी पोरांना बसली. संस्कृत घेणाऱ्या मुलापुढे दुसरा पर्याय होता. घरीदारी मराठी बोलणाऱ्या खानापूरच्या मुलीपुढे कुठला होता?

जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. बेळगावजवळच्या हिंडलग्याला त्या हुतात्म्यांना दर 1 जूनला अभिवादन होतं. 1989 मध्ये उच्च न्यायालयानं ही सक्ती रद्द केली आणि मराठी प्रथम भाषा म्हणून टिकली. 2015 च्या कायद्यानं पहिली ते दहावी कन्नड शिकणं पुन्हा बंधनकारक झालं.

कन्नड शिकायला इथल्या मराठी माणसाची ना नाही. बाजारात, कचेरीत ती लागतेच. त्रास वेगळाच आहे. गणिताचं पुस्तक मराठीत असतं, पण शाळेत येणारं परिपत्रक कन्नडमध्ये, आणि त्याचा अर्थ पालकांना सांगायचा मुख्याध्यापकांनी. मराठीतून गणित-विज्ञान शिकवणारा कायम शिक्षक प्रत्येक हायस्कूलला मिळाला पाहिजे, ही मागणी म्हणूनच आधी लावून धरायला हवी.